तपासणीच्या पट्ट्यावरील लॅपटॉप : राखण कोणाची?

पुणे - पहाटेच्या पहिल्या विमानांची वेळ झाली, की लोहगाव विमानतळाच्या सुरक्षा तपासणी कक्षात रोज एकच दृश्य दिसते. हातात मोबाईल, खांद्याला काळी बॅग आणि डोळ्यांवर अर्धवट झोप, असे प्रवासी रांगेने पुढे सरकत असतात. "लॅपटॉप बाहेर काढा, ट्रेमध्ये ठेवा," अशी सूचना कानी पडताच बॅगांच्या चेनी उघडल्या जातात. लॅपटॉप एका ट्रेमध्ये, बॅग दुसऱ्या ट्रेमध्ये; पाकीट, घड्याळ आणि कमरेचा पट्टा आणखी कुठे तरी. सरकत्या पट्ट्यावरून हे ट्रे क्ष-किरण यंत्रात शिरतात आणि प्रवासी अंगझडतीच्या रांगेकडे वळतो. पुढची दोन-चार मिनिटे प्रवासी एकीकडे आणि त्याचा लॅपटॉप दुसरीकडे, अशी स्थिती असते.

या दोन-चार मिनिटांकडे सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. तथापि, ज्या शहरातून हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि विमाननगर येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी नित्य विमानप्रवास करतात, त्या शहरासाठी हा विषय किरकोळ म्हणता येणार नाही. पुणे विमानतळाने २०२४-२५ या आर्थिक वर्षात एक कोटी प्रवाशांचा टप्पा ओलांडला. विमाननगरातील छोट्या उद्योजकापासून परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्यापर्यंत अनेकांचे वर्षभराचे काम त्या काळ्या बॅगेत असते. तपासणीत या यंत्राला खरा धोका कशापासून आहे, ते गहाळ झाले वा फुटले तर उत्तरदायी कोण, आणि प्रवाशाच्या हाती नेमके काय उरते, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

बाहेर काढण्याचे कारण

विद्युत उपकरणात दडवलेला बॉम्ब विमान पाडू शकतो, हे जगाला २१ डिसेंबर १९८८ रोजी प्रकर्षाने कळले. स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲम कंपनीचे विमान कोसळले आणि २७० जणांचा बळी गेला. सामानाच्या कप्प्यात ठेवलेल्या एका रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये स्फोटके लपवण्यात आली होती. लॅपटॉपच्या बाबतीत ही भीती २ फेब्रुवारी २०१६ रोजी खरी ठरली. सोमालियातील मोगादिशू येथून निघालेल्या दालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमध्ये दडवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि विमानाच्या बाजूला भगदाड पडले. स्फोट घडवणारा मरण पावला. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. तो प्रवासी सुरक्षा तपासणी ओलांडून आल्यानंतर विमानतळावरील कर्मचाऱ्यांनी लॅपटॉपसारखी वस्तू त्याच्या हाती दिल्याचे कॅमेऱ्यांच्या चित्रणात आढळले होते.

भारतातील व्यवस्थेलाही असाच कटू अनुभवांचा इतिहास आहे. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान स्फोटात नष्ट झाले. त्यानंतर १९८७ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाला स्वतंत्र दर्जा देण्यात आला. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेले गेले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून प्रारंभ करून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. ट्रेमध्ये लॅपटॉप ठेवण्याचा आग्रह धरणारा जवान म्हणजे या साऱ्या इतिहासाचा शेवटचा दुवा होय.

आग्रहामागील तांत्रिक कारणही सरळ आहे. प्रचलित क्ष-किरण यंत्र वस्तूची सपाट प्रतिमा दाखवते. कापड, कागद, अन्न आणि स्फोटके यांसारखे सेंद्रिय पदार्थ पडद्यावर नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात आणि मधल्या घनतेचे पदार्थ हिरवे. लॅपटॉपची बॅटरी आणि आतील मंडले एवढी दाट असतात, की त्यांच्या खाली-वर असलेली वस्तू त्या प्रतिमेत झाकली जाते. लॅपटॉप वेगळा काढला म्हणजे तोही स्पष्ट दिसतो आणि बॅगही. त्यामुळे ट्रेमध्ये लॅपटॉपवर जॅकेट टाकणारा प्रवासी जवानाचे काम वाढवतो आणि ट्रे पुन्हा यंत्रात पाठवण्याची वेळ स्वतःवर ओढवून घेतो.

भीती क्ष-किरणांची, नुकसान धक्क्यांचे

क्ष-किरणांमुळे लॅपटॉपमधील माहिती पुसली जाईल, अशी समजूत अजूनही अनेकांच्या मनात असते. तिला आधार नाही. तपासणी यंत्रातील किरणांची मात्रा अल्प असते आणि हार्ड डिस्कवरील माहिती चुंबकीय स्वरूपात असल्याने तिच्यावर या किरणांचा परिणाम होत नाही. नव्या लॅपटॉपमधील एसएसडी ही चिपवर आधारित साठवणूकही या तपासणीत सुरक्षित राहते. क्ष-किरणांची खरी धास्ती छायाचित्रकारांच्या फिल्मला; ती किरणांनी धुरकटू शकते. धातुशोधक चौकटीचे चुंबकीय क्षेत्रही हार्ड डिस्कला अपाय करण्याइतके प्रबळ नसते.

नुकसान होते ते साध्या, दिसणाऱ्या कारणांनी. ट्रेशिवाय थेट पट्ट्यावर ठेवलेला लॅपटॉप यंत्राच्या तोंडाशी असलेल्या शिशाच्या झालरीत अडतो. पलीकडे रोलरवर तो थांबतो आणि मागून आलेली सात किलोंची बॅग त्याच्यावर आदळते. गर्दीच्या वेळी ट्रे एकमेकांवर चढतात. पाण्याची अर्धी बाटली बॅगेत आडवी पडून झिरपते. घाईत एका हाताने उचललेला लॅपटॉप फरशीवर पडतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी वेगाने फिरत असते आणि तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर वाचक शीर्ष तरंगत असते. यंत्र चालू असताना बसलेला धक्का म्हणूनच घातक ठरतो. झाकण मिटले, की लॅपटॉप बंद झाला, असे मानणाऱ्यांना हे ठाऊक नसते, की झाकण मिटल्यावर तो बहुधा केवळ निद्रावस्थेत जातो.

दृष्टीआड होणारा काळ

तथापि, धक्क्याहून मोठा प्रश्न आहे तो ताटातुटीचा. भारतीय विमानतळांवर केवळ धातुशोधक चौकटीतून जाणे पुरेसे नसते. प्रत्येक प्रवाशाची हातातील शोधकाने आणि हाताने झडती घेतली जाते. यंत्रातून ट्रे काही सेकंदांत बाहेर येतो. झडतीची रांग मात्र आपल्या गतीने पुढे सरकते. महिला प्रवाशांची झडती आडोशाच्या कक्षात होते, ही सभ्यतेची आवश्यक तरतूद आहे. परंतु त्या काळात पट्ट्यावरील आपला ट्रे त्यांना दिसूही शकत नाही. एकटी प्रवास करणारी महिला, कडेवर मूल असलेली आई, चाकाच्या खुर्चीवरील ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी हे अंतर आणखी वाढते.

या काळात चोरी होते, तशीच अदलाबदलही होते. पुण्यातील मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना एकाच बनावटीचे, एकाच रंगाचे लॅपटॉप देतात. पहाटेच्या एकाच विमानाने एकाच कार्यालयातील चार जण निघाले, तर पट्ट्यावर चार जुळी यंत्रे एकामागून एक येतात. घाईत कोणी दुसऱ्याचा लॅपटॉप उचलला, तर त्यात चोरीचा हेतू नसतो. पण चूक लक्षात येईपर्यंत एक जण दिल्लीला आणि दुसरा चेन्नईला पोहोचलेला असतो. तिसरा प्रकार विसरण्याचा. विमानात बसण्याची उद्घोषणा होते, प्रवासी बॅग, मोबाईल आणि कमरेचा पट्टा उचलतो आणि वेगळ्या ट्रेमधील लॅपटॉप तसाच राहतो. ज्या नियमामुळे लॅपटॉप बॅगेतून वेगळा होतो, तोच नियम त्याच्या विस्मरणालाही वाव देतो, हे मान्य करावे लागेल.

याची व्याप्ती किती, याचा एक बहुचर्चित अंदाज अमेरिकेतून आला होता. लॅपटॉप बनवणाऱ्या डेल कंपनीच्या वतीने पोनेमन इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेतील विमानतळांवर आठवड्याला सुमारे १२ हजार लॅपटॉप गहाळ होतात, असे म्हटले होते. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४० टक्के, सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी गहाळ होतात, असाही निष्कर्ष होता. हा आकडा फुगवलेला असल्याचा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि पाहणीची पुरस्कर्ती कंपनी स्वतःच लॅपटॉप-सुरक्षेच्या सेवा विकत होती, हेही विसरता येत नाही. आकडा बाजूला ठेवला तरी गहाळ होण्याचे ठिकाण कोणते, याविषयीचा निष्कर्ष मात्र कोणत्याही नियमित प्रवाशाला पटण्याजोगा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने विशिष्ट रचनेच्या बॅगांमध्ये लॅपटॉप तसाच ठेवून तपासण्याची मुभा दिली. लॅपटॉपचा कप्पा सपाट उघडावा, त्याच्या वर किंवा खाली चेन, बक्कल वा दुसरी वस्तू असू नये, अशी अट होती. यंत्राला स्वच्छ प्रतिमा मिळावी आणि लॅपटॉपही बॅगेपासून दुरावू नये, असा त्यामागील हिशेब होता.

उत्तरदायी कोण?

लॅपटॉप या दोन-चार मिनिटांत हरवला, तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर लोहगावी विशेष गुंतागुंतीचे आहे. येथील धावपट्टी हवाई दलाची आहे. टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. तपासणीचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग ठरवतो. तिकीट विमान कंपनीचे असते आणि तक्रार पुणे शहर पोलिसांच्या विमानतळ पोलीस ठाण्यात जाते. एवढ्या यंत्रणा असूनही, किंबहुना एवढ्या असल्यामुळेच, ट्रे यंत्रात शिरल्यापासून प्रवाशाच्या हाती येईपर्यंतच्या काळाचा धनी कोण, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही.

विमान कंपनीकडे दाद मागावी, तर तेथेही मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या आणि भारतात २००९ पासून अंमलात आलेल्या माँट्रियल करारानुसार नोंदणी केलेल्या सामानाची जबाबदारी विमान कंपनीवर असते. हातातील सामानाबाबत मात्र हानी कंपनीच्या किंवा तिच्या सेवकांच्या चुकीमुळे झाली असेल तरच ती उत्तरदायी ठरते. तपासणीच्या पट्ट्यावर उभा असलेला जवान विमान कंपनीचा सेवक नसतो. सुरक्षा दलाचे काम घातपात रोखण्याचे आहे, प्रवाशांच्या वस्तू राखण्याचे नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

परंतु या युक्तिवादाला दुसरी बाजूही आहे. तिकिटाच्या रकमेत विमान सुरक्षा शुल्क समाविष्ट असते. एप्रिल २०२१ मध्ये देशांतर्गत प्रवासासाठी ते प्रतिप्रवासी २०० रुपये करण्यात आले. शिवाय प्रवासी लॅपटॉप स्वेच्छेने दूर ठेवत नाही; नियमाने त्याला तसे करावे लागते. जी व्यवस्था एखाद्याला त्याची वस्तू नजरेआड करण्यास भाग पाडते, तिने ती वस्तू त्याच माणसाच्या हाती परत जाईल याची काळजी घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. तपासणी कडक असावी, याविषयी पुणेकर प्रवाशांत दुमत नाही. कडकपणाचा भार कोणी कसा वाटून घ्यावा, एवढाच प्रश्न आहे.

सामानात टाकणे हा उपाय आहे का?

एवढी यातायात करण्यापेक्षा लॅपटॉप मोठ्या बॅगेत घालून विमान कंपनीच्या स्वाधीन करावा, असे काहींना वाटते. नियमानुसार लॅपटॉप पूर्णपणे बंद करून आणि नीट गुंडाळून तसा पाठवता येतो. तथापि, लिथियम बॅटरी पेटली तर प्रवासी कक्षातील आग कर्मचाऱ्यांना दिसते आणि विझवता येते. सामानाच्या कप्प्यातील आग गाठणे कठीण असते. याच कारणाने सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक त्या कप्प्यात नेण्यास मनाई आहे. हातातील सामानातही १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते आणि १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची अनुमती लागते. कित्येक मोठ्या लॅपटॉपची बॅटरी शंभराच्या किंचित आत ठेवलेली असते, ती यामुळेच. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲपलच्या १५ इंची मॅकबुक प्रो संगणकांच्या काही बॅटऱ्या सदोष असल्याचे आढळल्यावर, असे संगणक विमानात आणू नयेत, असे आवाहन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केले होते.

लॅपटॉप हातातून काढून घेतला गेला तर काय होते, याचा अनुभव जगाने दोनदा घेतला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवस्फोटकांचा कट उघड झाल्यानंतर ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांना काही दिवस पाकीट व अत्यावश्यक वस्तूंखेरीज काहीही सोबत नेता येत नव्हते. लॅपटॉप सामानाच्या कप्प्यात गेले. पुढे मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने पश्चिम आशिया, तुर्कस्तान आणि उत्तर आफ्रिकेतील दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांत मोबाईलपेक्षा मोठ्या उपकरणांना बंदी केली. दुबई, अबुधाबी आणि दोहा यांचा त्यात समावेश होता. पुण्याहून मुंबईमार्गे वा थेट दुबईमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या अभियंत्यांना या बंदीची झळ थेट बसली. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात काम बंद आणि कंपनीची गोपनीय माहिती अनोळखी हातांत, अशी दुहेरी अडचण होती. एमिरेट्सने विमानाच्या दारापर्यंत लॅपटॉप वापरू देऊन तेथे तो ताब्यात घेण्याची, तर कतार एअरवेजने वरच्या वर्गातील प्रवाशांना उसने लॅपटॉप देण्याची सोय केली. विमानतळांनी तपासणी अधिक काटेकोर केल्यावर जुलै २०१७ पर्यंत ही बंदी उठली. लॅपटॉप प्रवाशाजवळच असणे हेच प्रवासी आणि विमान या दोघांच्याही हिताचे, हाच त्या चार महिन्यांचा धडा होता.

यंत्राची किंमत आणि माहितीचे मोल

लॅपटॉप हरवला तर विमा उतरवलेली कंपनी काही दिवसांत दुसरा देते. आतील माहितीचे तसे नसते. ग्राहकांच्या याद्या, रुग्णांचे अहवाल, निविदांचे आकडे, संशोधनाच्या नोंदी यांची भरपाई होत नाही. शिवाय त्या दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका वेगळाच.

या संदर्भात २००८ मधील एक घटना बोलकी आहे. विमानतळावरील तपासणी झटपट पार पाडण्यासाठी प्रवाशांची आगाऊ नोंदणी करणाऱ्या 'क्लिअर' या अमेरिकी सेवेचाच एक लॅपटॉप सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरील तिच्या कार्यालयातून नाहीसा झाला. त्यात सुमारे ३३ हजार अर्जदारांची वैयक्तिक माहिती होती आणि ती कूटबद्ध केलेली नव्हती. नंतर लॅपटॉप त्याच कार्यालयात सापडला. पण तोपर्यंत सरकारने त्या सेवेची नवी नोंदणी थांबवली होती. यंत्र परत मिळाले, गेलेला विश्वास परत मिळवणे अवघड झाले.

भारतात संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हा विषय अधिक गंभीर केला आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. पट्ट्यावर विसरलेला लॅपटॉप हा केवळ कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा राहत नाही. त्यातील माहिती उघडी होती की कुलूपबंद, यावर कंपनीचे दायित्व ठरू शकते.

हे कुलूप लावणे महाग नाही. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट ही सोय अंगभूत आहे. तिच्यामुळे साठवणुकीतील संपूर्ण मजकूर कूटबद्ध होतो आणि किल्लीविना वाचता येत नाही. केवळ प्रवेशाचा पासवर्ड पुरेसा नसतो, कारण डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की तो निरुपयोगी ठरतो. येथेही लॅपटॉप पूर्ण बंद करण्याचे महत्त्व आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते, की चालू वा निद्रावस्थेतील संगणकाच्या स्मृतीत कूटबद्धतेची किल्ली शिल्लक असते आणि ती तेथून हस्तगत करता येऊ शकते. धक्क्यापासून बचाव आणि माहितीचे रक्षण, ही दोन्ही कामे 'शट डाऊन' या एकाच कृतीने साधतात.

प्रवाशाच्या हाती काय?

व्यवस्था सुधारेपर्यंत प्रवाशाला स्वतःची काळजी घ्यावी लागेल. घरून निघण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत अन्यत्र ठेवावी, लॅपटॉपचा अनुक्रमांक मोबाईलमध्ये नोंदवावा आणि यंत्र पूर्ण बंद करावे. झाकणावर ओळखीची खूण आणि संपर्काचा क्रमांक चिकटवावा. कंपनीचे नाव मात्र टाळावे, कारण ते चोराला आतील मजकुराचे मोल सांगते. लॅपटॉप बॅगेच्या स्वतंत्र, सहज उघडणाऱ्या कप्प्यात असावा. रांगेत उभे असतानाच घड्याळ, पाकीट आणि सुटे पैसे बॅगेत टाकावेत, म्हणजे ट्रेंची संख्या कमी होते आणि मोजायच्या वस्तूही.

पट्ट्याजवळ पोहोचल्यावर क्रम महत्त्वाचा. बॅग आधी आणि लॅपटॉपचा ट्रे शेवटी ठेवावा. लॅपटॉप ट्रेमध्ये एकटा आणि सपाट असावा. झडतीची रांग लांब असेल, तर ती थोडी पुढे सरकेपर्यंत ट्रे पट्ट्यावर ढकलण्याची घाई करू नये. मागच्या प्रवाशाला विनंतीपूर्वक पुढे जाऊ द्यावे. दोघे एकत्र असतील, तर एकाने आधी पलीकडे जाऊन सामानाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने नंतर यावे. पलीकडे गेल्यावर सर्वप्रथम लॅपटॉप उचलावा, झाकणावरील खूण पाहावी आणि मगच कमरेच्या पट्ट्याकडे वळावे. बॅग फेरतपासणीसाठी बाजूला काढली गेली, तर ती उघडण्यापूर्वी लॅपटॉप आपल्या हाती आहे याची खात्री करावी. मे २०२५ मध्ये सीमेवरील तणावाच्या काळात घडले, तशी विमानात चढतानाची दुसरी तपासणी लागू झाली, तर हाच क्रम पुन्हा पाळावा लागतो.

एवढे करूनही लॅपटॉप गहाळ झाल्यास तपासणी कक्ष सोडण्यापूर्वी ड्यूटीवरील अधिकाऱ्याला सांगणे सर्वांत उपयोगी ठरते, कारण ट्रे कोणी उचलला हे कॅमेऱ्याच्या चित्रणातून तेव्हाच त्वरेने पाहता येते. सापडलेल्या वस्तूंची यादी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या संकेतस्थळावर दिली जाते. चोरीचा संशय असेल, तर तक्रारीसाठी परत पुण्याला यावेच लागते असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. सोबतच कंपनीच्या तंत्रज्ञान विभागाला कळवून लॅपटॉप दूरस्थपणे बंद करवून घ्यावा.

व्यवस्थेने काय करावे?

पुण्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले आणि जुलै २०२४ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. सुमारे ५२ हजार चौरस मीटरच्या या वास्तूने जुन्या इमारतीतील कोंडी बरीच कमी केली. डिजियात्रा ही चेहरा ओळखून प्रवेश देणारी सोयही २०२३ पासून पुण्यात आहे. परंतु डिजियात्रेने दारातील रांग कमी होते. ट्रेची रांग तेवढीच राहते. दारातून लवकर आत आलेला प्रवासी पट्ट्यापाशी येऊन थबकतो.

यावरील कायमस्वरूपी तोडगा तंत्रज्ञानात आहे. रुग्णालयातील सीटी स्कॅनप्रमाणे बॅगेची त्रिमितीय प्रतिमा घेणारी यंत्रे उपलब्ध आहेत. त्यांत बॅग फिरवून, तिचे थर वेगळे करून पाहता येत असल्याने लॅपटॉप बाहेर काढण्याची गरज उरत नाही. आयर्लंडमधील शॅनन विमानतळाने २०२१ मध्ये आणि लंडन सिटी विमानतळाने २०२३ मध्ये ही पद्धत स्वीकारली. भारतातही वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या विमानतळांनी अशी यंत्रे आणि शरीर तपासणारे स्कॅनर बसवावेत, असे सुरक्षा विभागाने ठरवले होते. त्यासाठी दिलेली डिसेंबर २०२३ ची मुदत पाळली गेली नाही. एक कोटी प्रवाशांचा पुणे विमानतळ या निकषात निर्विवाद बसतो. या दोन यंत्रांचा एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे, कारण एकामुळे लॅपटॉप बॅगेतच राहतो आणि दुसऱ्यामुळे झडतीचा वेळ घटतो. म्हणजेच प्रवासी आणि सामान यांतील अंतर दोन्ही बाजूंनी कमी होते.

तोपर्यंत कमी खर्चाचे उपायही आहेत. दिल्ली आणि बंगळूर येथे ट्रे आपोआप परत आणणाऱ्या पट्ट्यांची व्यवस्था आहे. तीत प्रत्येक ट्रेची ओळख यंत्राला ठाऊक असते आणि संशयित ट्रे आपोआप वेगळा होतो. जेथे ती नाही, तेथे रोलरची लांबी वाढवणे, सामान पुन्हा भरण्यासाठी पट्ट्यापासून दूर बाके ठेवणे, महिलांच्या झडतीचे कक्ष वाढवणे आणि गर्दीच्या वेळी ट्रे बाहेर येतात त्या टोकाला एक कर्मचारी उभा करणे शक्य आहे. "आपला लॅपटॉप घेतला का?" असा मराठी, हिंदी आणि इंग्रजीतील ठळक फलक त्या टोकाला लावण्यास तर फारसा खर्चही येत नाही. हरवलेल्या वस्तूसाठी कोणाकडे जावे, हेही त्याच फलकावर लिहिले गेले, तर पाच-सहा यंत्रणांमध्ये फिरणाऱ्या प्रवाशाची पायपीट वाचेल.

विमानतळावरील तपासणी ही प्रवासी आणि यंत्रणा यांच्यातील विश्वासाचा व्यवहार आहे. प्रवासी आपले सामान, आपला देह आणि आपली मिनिटे तपासणीसाठी स्वाधीन करतो. बदल्यात विमान सुरक्षित राहील आणि स्वाधीन केलेली वस्तू त्यालाच परत मिळेल, असे तो गृहीत धरतो. पहिल्या अपेक्षेसाठी देशाने गेल्या चार दशकांत संस्था, कायदे आणि मनुष्यबळ उभे केले. दुसऱ्या अपेक्षेची नोंद अजून कोणाच्याही कर्तव्यसूचीत ठळकपणे झालेली दिसत नाही. ती होईपर्यंत लोहगावच्या पट्ट्यावरील लॅपटॉपची राखण त्याच्या मालकालाच करावी लागणार आहे.